द्वोर्झाकचा लार्गो, सहा ट्रॉम्बोन आणि एक पाइप ऑर्गन : एका संयोजनाची हकीकत

ऑर्केस्ट्राची रचना ट्रॉम्बोन आणि ऑर्गनसाठी बसवायची म्हटली की बहुतेक जण एकच वाटणी करतात. मुळात ब्रासला, म्हणजे पितळी फुंकवाद्यांना, जे दिलंय ते ट्रॉम्बोनला, उरलेलं सगळं ऑर्गनला. दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीतला लार्गो, म्हणजे तिचा संथ दुसरा भाग, याच वाटणीने बसवायला घेतला आणि तालमीत तो उभा राहीना. वाजवणारे चांगले, ऑर्गन चालू स्थितीत, मसुदा स्वच्छ लिहिलेला, तरीही. मग वाटणी मुळापासून बदलली. ती कशी आणि का बदलली ते तपशिलात मांडतो आहे. मुंबईत ब्रास वाजवणाऱ्यांची वाण नाही, पाइप ऑर्गनही काही चर्चमध्ये अजून वाजतात, पण या दोघांसाठी मिळून लिहिणारं माणूस शोधावं लागतं.

निमित्त होतं एका दिवंगत बँडमास्तरांच्या स्मरणाचं. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या ट्रॉम्बोनवाल्यांना 2 नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या ऑल सोल्स डेच्या संध्याकाळी, चर्चमध्ये वाजवायचं होतं. या दिवसाशी ट्रॉम्बोनचं नातं जुनं आहे. 1812 मध्ये बेथोव्हेनने लिंझमध्ये असताना नेमक्या याच दिवसासाठी चार ट्रॉम्बोनच्या तीन छोट्या रचना लिहून दिल्या, आणि 1827 मध्ये त्याच्याच अंत्यविधीत त्यांतल्या दोन उपयोगी पडल्या. ट्रॉम्बोन सिंफनीत रुळला तो उशिरा. बेथोव्हेनची पाचवी 1808 मध्ये व्हिएन्नात वाजली, तेव्हाही तो फक्त शेवटच्या भागात होता. त्याआधी त्याचं घर म्हणजे चर्च आणि ऑपेरा. त्यामुळे ऑर्गनशेजारी ट्रॉम्बोन बसवणं ही काही ओढूनताणून जमवलेली जोडी नव्हे.

वाजवणारे सहा. दोन निवृत्त पोलीस बँडमधले, दोन लग्नाच्या बँडमध्ये मुरलेले, एक वसईचा कॉलेजात शिकणारा मुलगा आणि एक बास ट्रॉम्बोनवाले, ज्यांचं आयुष्य सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गेलं. त्यांचा बास ट्रॉम्बोन जुना, एकाच ट्रिगरचा, म्हणजे अंगठ्याने दाबून जादा नळी जोडणारी कळ एकच. सहा जणांत वाचायची पद्धत एक नव्हती. चौघे बास क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांची स्वरलिपी, सरळ वाचत. एक जण इंग्लिश ब्रास बँडच्या पठडीतले, त्यांना ट्रेबल क्लेफमध्ये, वरच्या सुरांच्या स्वरलिपीत, बी फ्लॅटचा पार्ट लागे. लग्नाच्या बँडमधल्या एकांना कानाने पटकन उमजे, कागदावरून सावकाश. ही माहिती मसुद्याच्या आधी हातात असावी लागते. सेबास्टियन डिसूझा यांच्यासारख्या ज्या संयोजकांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे ऑर्केस्ट्रा लिहिले, त्यांच्या काळापासून मुंबईच्या स्टुडिओत हीच रीत आहे: समोर कोण बसणार ते बघून लिहायचं.

ऑर्गन म्हणजे संगीत नाटकातली पायपेटी नव्हे, भिंतीएवढा पाइप ऑर्गन. दोन मॅन्युअल, म्हणजे हाताने वाजवायच्या पट्ट्या, पायाने वाजवायचा पेडलबोर्ड, आणि एका मॅन्युअलचे पाइप झडपांच्या पेटीत, म्हणजे स्वेल बॉक्समध्ये. झडपा उघडल्या की आवाज मोठा, मिटल्या की लहान. ऑर्गन वाजवणाऱ्या आंटी वांद्र्याच्या, ईस्ट इंडियन समाजातल्या. या वाद्याची प्रत्येक खोड त्यांना ठाऊक.

पहिला मसुदा एका तरुण संयोजिकेने केला होता. मूळ स्कोरशी तो अत्यंत प्रामाणिक होता. लार्गोची सुरुवात होते ब्रास आणि खालच्या वुडविंडच्या (लाकडी फुंकवाद्यांच्या) संथ कॉर्डनी. ई मेजरपासून निघून ते डी फ्लॅट मेजरवर येऊन टेकतात. ट्युबाला अख्ख्या सिंफनीत काम आहे ते फक्त या लार्गोत. मसुद्यात हे कॉर्ड सहा ट्रॉम्बोनना होते. पुढे व्हायोलिन-व्हायोलांचे म्यूट लावून दबवलेले लांब सूर ऑर्गनला, त्यावरचा कोर आंग्लेचा (ओबोच्या थोरल्या भावंडाचा) प्रसिद्ध सोलो पहिल्या ट्रॉम्बोनला, मधला भाग जवळजवळ सगळा ऑर्गनला, शेवटी पुन्हा ट्रॉम्बोन.

तालीम ऑक्टोबरमधली. सुरुवातीचे कॉर्ड सुरेख वाजले. सहा जण एकमेकांचं ऐकत होते, आणि डी फ्लॅटवर आले तेव्हा कॉर्ड असा मिळाला की बाकावर बसलेले दोन-चार जण वळून वर बघू लागले. मग ऑर्गनने तोच कॉर्ड धरला आणि सगळं फाटलं. ऑर्गन चढलेला, ट्रॉम्बोन उतरलेले. कोणीही बेसूर नव्हतं.

इथे दोन कारणं एकावर एक बसली होती. पहिलं कारण हवेचं. ऑर्गनच्या शिट्टीसारख्या पाइपांचा सूर आतल्या हवेतल्या ध्वनीच्या वेगावर ठरतो, आणि हवा तापली की हा वेग वाढतो. एका अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभर भागांतले तीन. 25 अंशांना 440 हर्ट्झला लावलेला ऑर्गन 32 अंशांना 445 च्या आसपास बोलतो. तालमीत छताचे पंखे बंद ठेवावे लागत, कारण फिरत्या पात्यांमुळे धरलेला सूर थरथरतो आणि कागद उडतात. पंखे बंद म्हणजे ऑक्टोबर हीट आणखी वर. ट्रॉम्बोनही तापतो, पण त्याच्या नळीत वाजवणाऱ्याचा श्वास असतो, जो बारा महिने जवळजवळ एकाच तापमानाचा. म्हणून तो ऑर्गनइतका चढत नाही. आणि मसुद्यात ट्रॉम्बोनना लांबलचक विश्रांती होती. तेवढा वेळ मांडीवर पडून राहिलेलं वाद्य निवतं, सूर आणखी खाली येतो.

यावर उपाय एकाच बाजूने होऊ शकतो. तालमीच्या दिवशी ऑर्गनला काही खाली आणता येत नाही. ट्रॉम्बोनची ट्यूनिंग स्लाइड दोन सेंटिमीटर आत ढकलली की नळी चार सेंटिमीटरने आखूड होते, आणि पावणेतीन मीटरच्या नळीला ते वीस-पंचवीस सेंटचं काम करतं. सगळ्यांनी ट्यूनर बाजूला ठेवून ऑर्गनच्या सुराला लावलं. ही बाजू सुटली.

दुसरं कारण खोल होतं, आणि मराठी श्रोत्याला ते समजावून सांगावं लागत नाही. जुळलेल्या तानपुऱ्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो पेटीच्या गांधारापेक्षा 14 सेंटने खाली असतो. ऑर्गनची पट्टी पेटीसारखीच समान अंतरांची, बांधलेली. ट्रॉम्बोनला मात्र पट्टीच नाही. सहा चांगले वाजवणारे एकत्र कॉर्ड धरतात तेव्हा गांधार वाजवणारा आपोआप तो स्वयंभू जागेवर नेऊन ठेवतो. सुरुवातीचे कॉर्ड इतके गोड लागले ते यामुळेच. आणि त्याच गांधारावर ऑर्गनने स्वतःचा गांधार ठेवला की दोघांत घासाघीस सुरू होते. ट्यूनिंग स्लाइडने हे जात नाही, कारण इथे सगळं वाद्य चढलेलं किंवा उतरलेलं नसतं. कॉर्डमधला एकच सूर दोन ठिकाणी असतो.

म्हणून नव्या वाटणीचा पहिला नियम ठरला. जिथे दोघं एकत्र वाजतात तिथे कॉर्डचा गांधार एकाकडेच. ऑर्गनकडे असेल तर कोणताही ट्रॉम्बोन तो दुप्पट करणार नाही. ट्रॉम्बोनकडे असेल तर ऑर्गनच्या हातातून तो काढून टाकायचा.

दुसरा नियम श्वासाचा. हवेचा पुरवठा आहे तोवर ऑर्गनचा सूर संपत नाही, आणि बोट उचललं की तो कापल्यासारखा थांबतो. मध्ये काही नाही. स्वेल बॉक्सने अख्ख्या मॅन्युअलचा आवाज लहान-मोठा होतो, एका सुराचा होत नाही. ट्रॉम्बोनचा सूर उलट. तो फार वेळ टिकत नाही, पण जितका टिकतो तितका आतून बदलत असतो, आणि संपताना विरत जातो. मूळ मसुद्यात वाक्यं ऑर्गनकडे होती आणि जमीन ट्रॉम्बोनकडे, विशेषतः मधल्या भागात. मला ते उलटं हवं होतं. ज्या ओळीला शेवट आहे ती श्वास घेणाऱ्याला, जिला शेवट नसावा ती न घेणाऱ्याला. वाद्याची जात किंवा मूळ स्कोरमधली रांग हा निकषच नव्हे. संयोजिकेला हे चटकन पटलं. आंटी म्हणाल्या, "मग माझ्या हातात उरतं काय, बाळा?" उरलं ते कमी होतं खरं, पण सगळ्या रचनेचा भार त्यावर होता.

आता सोलो. प्रकरणाचा गाभा हाच. कोर आंग्लेची चाल डी फ्लॅट मेजरमध्ये एफवर सुरू होते. आपल्या भाषेत ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. सुरुवातीच्या ओळींचे सूर भूपाचे, चलन अर्थातच भूपाचं नाही. पुढे चाल वर तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या डी फ्लॅटपर्यंत जाते आणि वाटेत निषादही घेते. हा डी फ्लॅट टेनर ट्रॉम्बोनला फार उंच. सोलो वाजवणारे काका पोलीस बँडमधले, ओठ अजून शाबूत.

"ताई, तो सूर मी काढून देईन," ते म्हणाले, "पण मोठा येईल. हळू मागाल तर नाही मिळणार."

लार्गोत तो हळूच लागतो. एक सूचना आली की सगळी रचना एका चौथ्याने, म्हणजे सा ते म एवढ्या अंतराने, उतरवू, ए फ्लॅटमध्ये नेऊ. चालीचा वरचा सूर मग ए फ्लॅट होतो, सुखाचा. पण तळाला वेगळाच पेच पडतो. आमच्या मांडणीत सुरुवातीच्या ई मेजरचा तळचा सूर बास ट्रॉम्बोनच्या ई वर होता. चौथ्याने उतरवला की तो बी होतो, आणि एका ट्रिगरच्या ट्रॉम्बोनवर हा बी नसतोच. ट्रिगर दाबून स्लाइड शेवटापर्यंत नेली तरी सी पर्यंतच पोचता येतं, आणि त्याखालचे पेडल सूर, म्हणजे नळीचे सर्वांत खालचे मूळ सूर, बी फ्लॅटपासून सुरू होतात. अख्ख्या वाद्यात हा एकच सूर गळलेला, आणि रचनेचा पहिलाच कॉर्ड त्यावर उभा राहणार होता.

मी पट्टी तीच ठेवून चाल एक सप्तक खाली घ्यायला सांगितलं. कोर आंग्लेचा रंग यात गेला, हे मान्य. पण या सप्तकात ट्रॉम्बोन पुरुषाच्या गाणाऱ्या गळ्याच्या टापूत येतो, आणि तिथे तो जितका हळू बोलू शकतो तितका कुठेच नाही. बँडमास्तरांच्या स्मरणाला हा आवाज जास्त शोभणारा होता, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

खाली आल्यावर स्लाइडचा प्रश्न उभा राहिला. एफ स्लाइडच्या पहिल्या पोझिशनला (जागेला), ई फ्लॅट तिसऱ्या, डी फ्लॅट पाचव्या, आणि तिन्ही एकाच आंशिक स्वरावर. स्लाइड न हलवता नुसत्या ओठांनी जे वेगवेगळे सूर निघतात ते आंशिक स्वर. म्हणजे 'ग रे सा' वाजवताना नळी सलग लांबत जाते आणि जिभेने मध्ये सूर वेगळा केला नाही तर नुसती मींड ऐकू येते. वरच्या सप्तकात हेच सूर घेताना ई फ्लॅटवरून डी फ्लॅटवर जाताना आंशिक स्वर बदलतो आणि जोड आपसूक साफ येतो. खाली ती सोय नाही. काकांनी जीभ 'द'वर ठेवून, वारा न तोडता, प्रत्येक सूर नुसता स्पर्शून वाजवला. हात मात्र झटक्यात हलला पाहिजे. हळू चाल आहे म्हणून हातही हळू नेला की मींड झालीच. वसईच्या मुलाच्या वाद्याला ट्रिगर होता. पर्यायी वादक म्हणून त्याने एफ ट्रिगर दाबून घेऊन पाहिला, आणि ट्रिगर सोडताच ई फ्लॅट स्वच्छ सुटा आला. त्याच्या पार्टवर ही खूण पेन्सिलने लिहून ठेवली.

आणि सोलोखाली ऑर्गनने काय धरायचं? चालीचा पहिलाच सूर एफ आहे, म्हणजे डी फ्लॅटचा गांधार. पहिल्या नियमाने ऑर्गनने त्याला हात लावायचा नाही. म्हणून सोलो सुरू होताना ऑर्गनकडे फक्त डी फ्लॅट आणि ए फ्लॅट ठेवले, षड्ज आणि पंचम. मृदू बंद पाइपांचा एकच स्टॉप (एका रंगाच्या पाइपांची रांग), स्वेल बॉक्स मिटलेला, पायाखाली सोळा फुटी, म्हणजे एक सप्तक खाली बोलणारा, बूर्डन नावाचा मृदू स्टॉप. पुढे कॉर्ड बदलतात तिथे चालीत गांधार नसेल तेवढ्यापुरता तो ऑर्गनने घ्यायचा. मूळ स्कोरपेक्षा हे कितीतरी विरळ आहे. कागदावर बघून संयोजिकेला ते रिकामं वाटलं होतं. चर्चच्या दगडी भिंतींत काकांचा एफ त्या रिकाम्या पंचमात आपल्या जागी जाऊन बसला, तेव्हा कोणाला काही भर घालावीशी वाटली नाही.

मधल्या सी शार्प मायनरच्या भागाला फार वेळ लागला नाही. तारवाद्यांचा थरथरता साथसूर ऑर्गनवर बोटांनी ठोकत बसण्यात अर्थ नव्हता, तो सरळ धरला. पिझिकाटो (बोटाने तार छेडलेल्या) बेसच्या चालत्या ओळीसाठी पेडलवरचा सोळा फुटी स्टॉप काढून फक्त आठ फुटी ठेवला आणि आंटींनी पाय टोचत वाजवले. सोळा फुटी पाइपाला बोलायला वेळ लागतो, तुटक सुरात तो नुसता धूसर होतो. वरच्या चाली जोडीजोडीने ट्रॉम्बोनना दिल्या. पहिल्या भागाचा विषय जिथे परत उसळून येतो तिथे सहाही ट्रॉम्बोन, आणि ऑर्गन फक्त त्यांच्या वरच्या सप्तकात. पूर्ण ऑर्गन खालून दिला असता तर ट्रॉम्बोन दिसले असते, ऐकू आले नसते.

शेवटाकडे चाल परत येते तेव्हा ती मूळ सप्तकात, ऑर्गनच्या ओबो स्टॉपवर द्यायचं ठरलं. इथे उकाड्याचं दुसरं रूप भेटलं. ओबो हा जिभाळीचा पाइप. त्याचा सूर मुख्यतः पितळी पट्टीवर ठरतो, आणि तापमानाने तो फारसा हलत नाही. बाकीचे पाइप चढलेले आणि ओबो जागच्या जागी, म्हणजे एकाच ऑर्गनमध्ये दोन पट्ट्या. यावर आंटींकडे जुना इलाज होता. प्रत्येक जिभाळीला एक वाकडी तार असते. ती किंचित खाली ठोकली की पट्टीचा थरथरणारा भाग आखूड होतो, सूर चढतो. कार्यक्रमाच्या संध्याकाळी, लोक यायच्या आधी, एकाने की दाबून धरली, आंटी स्वतः पेटीत शिरल्या आणि चालीत लागणारे तेवढेच पाइप त्यांनी लहानशा पट्टीने ठोकून बाकीच्यांशी मिळवले. सगळा स्टॉप लावायला वेळ नव्हता, गरजही नव्हती.

त्यानंतर मूळ रचनेत मोजकी तारवाद्यं चाल तुकड्यातुकड्याने वाजवतात, मध्ये शांतता सोडत. ऑर्गनवर हे तुकडे बोट उचलल्याचे तुकडे झाले असते. ते ट्रॉम्बोनना दिले. म्यूट तिघांकडेच होते, म्हणून त्या तिघांनाच. एकाने वाक्य सोडायचं, दुसऱ्याने ते उचलायचं. थांबा किती लांब, ते कागदावर लिहिलं नाही. चर्चमधला आधीचा नाद पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, एवढीच सूचना.

शेवटचा कॉर्ड द्वोर्झाकने चार भागांत विभागलेल्या डबल बेसना दिला आहे, खोल आणि अतिशय हळू. तो आहे त्या जागी, आहे तसा घट्ट ट्रॉम्बोनवर घेतला तर गढूळ होतो. आम्ही तो उघडला: बासला खालचा डी फ्लॅट, त्यावर ए फ्लॅट, मग डी फ्लॅट, सर्वांत वर एफ. ऑर्गन नाही. गांधार पुन्हा ट्रॉम्बोनच्या स्वाधीन.

बसायच्या जागेवरून थोडी चर्चा झाली. ट्रॉम्बोन वेदीजवळ, लोकांसमोर असावेत असं काहींना वाटत होतं. ऑर्गन मागच्या गॅलरीत, मध्ये सुमारे पंचवीस मीटर. एवढं अंतर कापायला ध्वनीला सेकंदाचा चौदावा भाग लागतो, आणि संथ लयीत तो स्पष्ट कळतो. म्हणून सगळे गॅलरीतच बसले. तिथे जागा बेताची. उघडलेली स्लाइड कठड्यावर आपटू नये म्हणून स्टँड डाव्या बाजूला सरकवले आणि बासवाल्यांना कडेला, जिन्याच्या तोंडाशी बसवलं. शेवटच्या डी फ्लॅटला ट्रिगर दाबूनही त्यांची स्लाइड बरीच लांब जाते. कागद कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवले.

कार्यक्रमात पहिल्या सोलोचा तिसरा सूर किंचित खाली गेला, काकांनी तो वारा न तोडता वर घेतला. बाकी सगळं जसं लिहिलं तसं वाजलं. बास ट्रॉम्बोनवाले नंतर संयोजिकेला म्हणाले, "स्टुडिओत आम्हाला नेहमी मागे भरायला बसवतात, ताई. इथे बोलायला दिलंत." तिने तो मसुदा आता स्वच्छ उतरवून घेतला आहे, बी फ्लॅट ट्रेबलचा पार्ट वेगळा काढून. द्वोर्झाक 1904 मध्ये गेला, त्यामुळे मूळ रचनेच्या हक्कांचा प्रश्न नाही आणि ती दुसऱ्या वादकांनाही पार्ट द्यायला तयार आहे.

जानेवारीत हाच लार्गो याच चर्चमध्ये पुन्हा वाजवायचा आहे. तेव्हा हवा गार असेल, ऑर्गन खाली आलेला असेल, ट्यूनिंग स्लाइड बाहेर काढाव्या लागतील आणि आंटींना ओबोच्या तारा आता उलट्या दिशेने, वर ठोकाव्या लागतील. तालमीचा वेळ धरताना त्यांच्यासाठी एक तास आधीच राखून ठेवला आहे.